बूस्टच्या बटणामागचा हिशेब

परभणीच्या गांधी पार्क, नानलपेठ, स्टेशन रोड या भागांतल्या दुकानदारांना जाहिरात नवी नाही. रिक्षावर भोंगा बांधून गावभर फिरवायचा, सकाळच्या पेपरात पत्रकं घालायची, चौकात फ्लेक्स लावायचा आणि फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याचा उरूस भरला की तिथल्या गर्दीपुढे आपलं नाव झळकवायचं, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. त्यात गेल्या काही वर्षांत मोबाइलची भर पडली. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि इंटरनेट स्वस्त झालं. जुलै २०२० मध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले. आता कापडवाला, सराफ, कोचिंग क्लास, दवाखाना, कृषी सेवा केंद्र, मंगल कार्यालय असे सगळेच 'बूस्ट' मारतात.

भोंग्याचे पैसे आधी ठरतात आणि तेवढेच द्यावे लागतात. मोबाइलवरच्या जाहिरातीचं तसं नाही. पडद्यावर आपण जो आकडा भरतो, तो खर्चाचा पहिला हप्ता असतो. उरलेला खर्च करात, चुकीच्या गावांत, रील काढणाऱ्याच्या बिलात, नोकराच्या वेळेत आणि परत आलेल्या पार्सलांत विखुरलेला असतो. तो एका जागी मांडला नाही, तर जाहिरात फायद्यात गेली की तोट्यात हे कळायला मार्ग राहत नाही. म्हणून हे यंत्र कसं चालतं ते सुरुवातीपासून पाहू.

दर ठरलेला नसतो, लिलाव होतो

वर्तमानपत्रात इतक्या चौरस सेंटिमीटरला इतके रुपये, असं दरपत्रक असतं. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि गूगलवर दरपत्रक नाही. मानवतमधली एखादी बाई दुपारी इन्स्टाग्राम उघडते आणि बोटाने पडदा वर सरकवते. पुढे कोणती जाहिरात दाखवायची, हे त्या क्षणी ठरतं. त्या एका जागेसाठी परभणीचं साडीचं दुकान, संभाजीनगरचा सराफ, पुण्याचा क्लास आणि बेंगळुरूची कर्ज देणारी कंपनी असे अनेक जण उभे असतात. मोंढ्यात शेतमालाचा लिलाव होतो तसाच हा लिलाव. फरक एवढाच की तो पापणी लवायच्या आत संपतो आणि दुसऱ्याने किती बोली लावली हे कोणालाच दिसत नाही.

या लिलावात जास्त पैसे लावणाराच जिंकतो असं नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा तीन गोष्टी पाहते. पहिली, जाहिरातदाराची बोली. दुसरी, ही जाहिरात पाहून ही व्यक्ती अपेक्षित कृती करेल याची शक्यता. म्हणजे लाइक, मेसेज किंवा खरेदी, जे उद्दिष्ट निवडलं असेल ते. तिसरी, जाहिरातीचा दर्जा. लोक ती लपवतात का, तक्रार करतात का, त्यात फसवी भाषा आहे का. बोलीला शक्यतेने गुणलं जातं आणि त्यात दर्जाचे गुण मिळवले जातात. बेरीज ज्याची जास्त, त्याची जाहिरात दिसते. गूगलच्या सर्च जाहिरातींतही बोलीबरोबर जाहिरातीचा दर्जा आणि शोधाशी तिचा मेळ पाहिला जातो.

यातून दुकानदाराने घ्यायचा धडा सरळ आहे. धूसर फोटो, गर्दीचा मजकूर आणि 'धमाका ऑफर' एवढंच लिहिलेली जाहिरात लोक ओलांडून पुढे जातात. तिची शक्यता घसरते आणि तीच जागा तिला महाग पडते. उजेडात काढलेला साडीचा फोटो, पदराचं काम जवळून दाखवणारी दहा सेकंदं, किंमत आणि दुकानाची खूण एवढं दिलं तरी दर उतरतो. वाईट जाहिरातीवर यंत्रणा एक न दिसणारा दंडच बसवत असते.

गूगल आणि मेटा यांतला फरकही इथेच लक्षात घ्यावा. 'परभणी डोळ्यांचा दवाखाना' असं गूगलवर टाइप करणाऱ्याला डॉक्टर हवाच असतो. इन्स्टाग्रामवरच्या माणसाला त्या क्षणी काहीच घ्यायचं नसतं. त्याचं लक्ष आपण मध्येच वेधून घेतो. म्हणून गूगलचा एक क्लिक सहसा महाग असतो, पण गरजवंताचा असतो. दवाखाना, मोटार दुरुस्ती, पंप-मोटर वाइंडिंग अशा गरजेच्या धंद्यांना गूगल जास्त उपयोगी. साडी, दागिने, मिठाई, फर्निचर अशा पाहून घेण्याच्या वस्तूंना इन्स्टाग्राम.

बूस्ट दाबल्यावर काय होतं

पोस्टखाली निळं बटण असतं. दाबलं, रक्कम टाकली, दिवस निवडले, की काम झालं. मागे मात्र आपल्या वतीने बरेच निर्णय घेतले जातात.

सर्वांत मोठा निर्णय उद्दिष्टाचा. मेटाकडे लोकांच्या सवयींची नोंद असते. कोण दिसेल त्याला लाइक देतं, कोण व्हिडिओ शेवटपर्यंत पाहतं, कोण मेसेज करतं, कोण खरोखर खरेदी करतं, हे तिला बऱ्यापैकी ठाऊक असतं. जास्त लाइक हवेत असं सांगितलं, तर ती लाइक देणारी माणसं शोधून देते आणि ती स्वस्तात मिळतात. दुकानात येणारी माणसं वेगळी असतात, म्हणूनच तीन हजार लाइक पडूनही गल्ल्यात फरक पडत नाही. यंत्राने आपलं काम चोख केलेलं असतं. आपण मागितलंच चुकीचं होतं. स्थानिक दुकानाने 'मेसेज' किंवा 'कॉल' हे उद्दिष्ट घ्यावं, 'एंगेजमेंट' नव्हे.

दुसरी गोष्ट शिकण्याच्या काळाची. नवी जाहिरात सुरू झाली की कोणाला दाखवायची हे यंत्रणा चाचपडत शिकते. हा टप्पा ओलांडायला सात दिवसांत साधारण ५० अपेक्षित कृती व्हायला हव्यात, असं मेटाच सांगते. समजा एक मेसेज ४० रुपयांना पडतो. मग ५० मेसेजना २,००० रुपये लागतील, तेही एका आठवड्यात. जो रोज शंभर रुपये टाकतो आणि तिसऱ्या दिवशी फोटो, चौथ्या दिवशी मजकूर बदलतो, त्याची जाहिरात कायम शिकतच राहते. त्या शिकवणीची फी दुकानदार भरतो. म्हणून महिनाभर थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा योग्य आठवड्यात एकवट खर्च केलेला बरा.

तिसरी गोष्ट आपोआप निवडलेल्या पर्यायांची. सध्याचा कल सगळं यंत्रावर सोपवण्याकडे आहे. मेटाचं 'अ‍ॅडव्हान्टेज प्लस' आणि गूगलचं 'परफॉर्मन्स मॅक्स' त्याच वाटेने जातात. मोठ्या विक्रेत्याकडे भरपूर माहिती असते, त्याला हे फळतं. छोट्या दुकानाची जाहिरात मात्र भलत्याच अ‍ॅपमध्ये, लहान मुलांच्या गेममध्येही दिसू शकते आणि चुकून लागलेल्या बोटाचेही पैसे जातात. गूगलवर सर्चची जाहिरात करताना 'डिस्प्ले नेटवर्क'ची खूण आधीच केलेली असते. ती काढावी. रोजच्या बजेटबद्दलही समज पक्की हवी. गूगल एखाद्या दिवशी ठरवलेल्या रकमेच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं. महिन्याचा हिशेब मात्र रोजच्या रकमेच्या ३०.४ पटीवर थांबतो. पहिल्याच दिवशी दुप्पट कापलेले पाहून घाबरायचं कारण नाही, पण गल्ल्यात तेवढी तयारी असायला हवी.

वर्तुळ कुठपर्यंत काढायचं

परभणी जिल्ह्यातल्या दुकानाचे सर्वांत जास्त पैसे इथे वाया जातात. परभणी, गंगाखेड, जिंतूर, मानवत, पालम, पाथरी, पूर्णा, सेलू, सोनपेठ असे जिल्ह्याचे नऊ तालुके आहेत आणि दोन तृतीयांशांहून अधिक लोक खेड्यांत राहतात. गिऱ्हाईक येतं ते एसटीने, रेल्वेने किंवा मोटारसायकलवर, आणि बहुधा दुसऱ्या कामाला जोडून.

आता नकाशा पाहा. परभणी शहरावर टाचणी ठेवून ३० किलोमीटरचं वर्तुळ काढलं, तर मानवत आणि पूर्णा त्यात येतात. ४० केलं, की गंगाखेड आणि पाथरीही आत येतात. इथपर्यंत ठीक. पण 'जास्त लोकांपर्यंत पोचू' म्हणून ६० किलोमीटर केलं, की वर्तुळाची कड नांदेड शहराला शिवते. नांदेड परभणीपेक्षा मोठं शहर आहे, त्याची स्वतःची बाजारपेठ आहे, आणि तिथला माणूस साडी घ्यायला परभणीला येणार नाही. पण मोबाइल तिथे दाट आहेत, म्हणून जाहिरातीचा मोठा वाटा तिकडे खर्च होतो. रिपोर्टमध्ये पोच वाढलेली दिसते आणि दुकानाची पायरी ओस राहते. अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये एखादं शहर वर्तुळातून वगळायची सोय आहे. साध्या बूस्टच्या पडद्यावर अडकून न पडता ती वापरावी.

वर्तुळ न काढता 'महाराष्ट्र' निवडलं, तर याहून वाईट. शिकायला आणि नोकरीला पुण्या-मुंबईला गेलेली आपलीच मुलं गावची पोस्ट म्हणून लाइक देतात, 'लय भारी' म्हणून कमेंट करतात. आपुलकी खरी असते, गिऱ्हाईक नसतं.

गूगलवर याच प्रकारची एक चोरवाट आहे. ठिकाण 'परभणी' निवडलं तरी मूळ सेटिंगमध्ये परभणीत असलेले आणि परभणीबद्दल रस दाखवणारे, असे दोन्ही लोक धरले जातात. मुंबईत बसून परभणीचं हवामान शोधणाराही त्यात मोडू शकतो. ठिकाणाच्या पर्यायांत जाऊन प्रत्यक्ष तिथे असणारे लोकच निवडावेत. शब्दांचंही तसंच. 'कॉटन' हा मोकळा शब्द दिला, तर कॉटनच्या साड्या शोधणाऱ्यांबरोबर कापसाचा भाव शोधणारा शेतकरीही आपल्या जाहिरातीवर येऊन पडतो. मानवत आणि सेलूच्या कापूस बाजाराचा भाव पाहणाऱ्याला साडीची जाहिरात दाखवून उपयोग काय? नको असलेल्या शब्दांची यादी देता येते. तिच्यात 'भाव', 'दर', 'बाजार समिती' हे शब्द टाकावेत.

कर आणि शुल्क

जाहिरातीच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. १,००० रुपयांची जाहिरात १,१८० ला पडते; किंवा खिशातून हजारच काढायचे असतील, तर प्रत्यक्ष जाहिरात ८४७ रुपयांची होते. नियमित जीएसटीत नोंदणी असलेल्या दुकानदाराने जाहिरात खात्यात आपला जीएसटी क्रमांक भरला, तर नियमांप्रमाणे या कराचं क्रेडिट मिळू शकतं. क्रमांकच भरला नसेल, तर ते हातचं जातं. कंपोझिशन योजनेतल्या किंवा नोंदणी नसलेल्या दुकानदाराला क्रेडिट नाही, म्हणून त्याने हिशेब नेहमी कर धरूनच करावा.

परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवर भारताने १ जून २०१६ पासून सहा टक्के समकरण शुल्क लावलं होतं. त्याचा बोजा काही ठिकाणी जाहिरातदारावर सरकला. १ एप्रिल २०२५ पासून ते रद्द झालं. आजही कोणी त्या नावाखाली जादा रक्कम लावत असेल, तर बिल मागून विचारावं. आयफोन वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आयफोनच्या अ‍ॅपमधून बूस्ट केल्यास अ‍ॅपलचं ३० टक्के शुल्क बसवण्याची पद्धत २०२४ मध्ये अमेरिकेपासून सुरू झाली. संगणकाच्या ब्राउझरवरून जाहिरात दिली की हा प्रश्नच येत नाही.

दिवाळीतला चढा भाव

परभणीच्या बाजारात पैसा पिकाबरोबर येतो. सोयाबीन निघालं, कापसाची पहिली वेचणी झाली, की दसरा-दिवाळीच्या सुमारास गल्ला हलतो. दुकानदार तेव्हाच जाहिरातीला हात घालतो. पण याच आठवड्यांत फ्लिपकार्टचे बिग बिलियन डेज आणि अ‍ॅमेझॉनचा सणाचा सेल चालू असतो. त्याच बाईच्या मोबाइलवरच्या त्याच जागेसाठी या बड्या कंपन्याही बोली लावतात. लिलाव म्हटल्यावर भाव चढणारच. उन्हाळ्यात जे पाचशे रुपयांत झालं, ते दिवाळीत तेवढ्यात होत नाही आणि दुकानदाराला वाटतं आपलंच काही चुकलं.

यावर उपाय कॅलेंडरात आहे. भाव उतरलेला असताना, म्हणजे सणाच्या महिना-दीड महिना आधी, ओळख करून देणाऱ्या जाहिराती द्याव्यात आणि लोकांचे नंबर जमवावेत. ऐन सणात त्याच लोकांना व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप धाडावा.

एका दुकानाचा हिशेब

आता एक उदाहरण कागदावर मांडू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. प्रत्येकाने आपले टाकावेत.

परभणीतल्या एका साडीच्या दुकानाने आठवडाभरासाठी २,००० रुपये खर्च केले. त्यात ३०५ रुपये जीएसटी, १,६९५ रुपयांची जाहिरात. हजार वेळा दिसायला ६० रुपये धरले, तर जाहिरात साधारण २८,००० वेळा दिसली. एकाला सरासरी दोनदा दिसली, म्हणजे माणसं १४,००० झाली. शंभरातल्या एका वेळी बटण दाबलं गेलं, म्हणजे २८० वेळा. त्यातल्या ६० जणांनी खरोखर 'किंमत काय' असा मेसेज पाठवला. निम्मे दूरगावचे निघाले. जवळच्या ३० पैकी १० दुकानात आले, सहांनी खरेदी केली.

रिपोर्टात '१४,००० लोकांपर्यंत पोच' असं ठळक अक्षरांत दिसतं. वहीत '६' दिसतं. जाहिरातीचे २,००० भागिले सहा म्हणजे एका गिऱ्हाइकाला ३३३ रुपये. पण रील काढणाऱ्याने १,५०० घेतले. मेसेजना उत्तरं द्यायला एक नोकर आठवडाभर रोज दीड-दोन तास बसला, त्याचे ७०० धरा. एकूण ४,२००. एका गिऱ्हाइकाला ७०० रुपये.

प्रत्येकाने सरासरी ३,००० ची खरेदी केली आणि दुकानदाराला वीस टक्के सुटले, तर एकामागे ६०० मिळाले. सहांचे ३,६००. म्हणजे १८,००० ची विक्री होऊनही ६०० रुपयांचा तोटा. शिवाय त्या सहांतले दोघं जुनी गिऱ्हाइकं होती, जाहिरात नसती तरी आलीच असती. मग जाहिरातीने आणलेले चौघंच, त्यांच्यापासून २,४०० मिळाले आणि तोटा १,८०० वर गेला.

याचा अर्थ जाहिरात देऊच नये असा नाही. त्या चौघांपैकी एका घराने पुढच्या उन्हाळ्यात लग्नाचा बस्ता इथेच बांधला, तर सगळा खर्च एका दिवसात भरून निघतो. पण त्यासाठी त्या घराचा नंबर, गाव आणि आवड लिहून ठेवलेली हवी आणि हंगामाआधी त्यांना फोन जायला हवा. नवं गिऱ्हाईक आणायला पैसा लागतो. ते टिकवण्यात कमाई असते. ज्याच्याकडे टिकवण्याची व्यवस्था नाही, त्याला दर वेळी नव्याने पैसे ओतावे लागतात.

श्रेय कोणाचं

जाहिरातीमुळे किती विक्री झाली, हा आकडा जाहिरात विकणारी कंपनीच सांगते. ऑनलाइन विक्रीत मेटा सहसा असा हिशेब धरते: जाहिरातीवर क्लिक केल्यापासून सात दिवसांत किंवा नुसती पाहिल्यापासून एका दिवसात खरेदी झाली, तर ती जाहिरातीची. शेजारणीने सांगितलं म्हणून ती खरेदी झाली असली तरीही.

या आकड्यांत याआधी मोठ्या चुका निघालेल्या आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने मान्य केलं की व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ दोन वर्षं फुगवून दाखवला जात होता, कारण तीन सेकंदांहून कमी पाहणारे मोजणीत धरलेच नव्हते. दुसरं उदाहरण ईबे कंपनीचं. लोक सर्चमध्ये 'ईबे' हेच नाव टाइप करत आणि वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करून कंपनीकडे येत. २०१२ मध्ये कंपनीने काही ठिकाणी ही जाहिरात बंद करून पाहिली. जवळजवळ सगळे लोक खालच्या फुकट दुव्यावरून आलेच. ब्लेक, नॉस्को आणि टाडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला.

असा प्रयोग परभणीतही करता येतो आणि त्याला पैसे लागत नाहीत. गंगाखेड आणि पाथरी शहरापासून साधारण सारख्याच अंतरावर आहेत. दोन आठवडे जाहिरात गंगाखेडच्या बाजूला चालू ठेवा, पाथरीच्या बाजूला बंद. बिल करताना प्रत्येकाला गाव विचारून लिहा. मग बाजू बदला. चार आठवड्यांनी दोन्ही गावांच्या गिऱ्हाइकांत फरक दिसला नाही, तर जाहिरात काम करत नाही. दिसला, तर तिची खरी किंमत आपल्याला कळली.

पेज नक्की कोणाचं

बरेच दुकानदार महिन्याचं पॅकेज घेतात: इतक्या पोस्ट, इतके रील, सणांची शुभेच्छा-पोस्टर. चांगलं काम करणारी मुलं गावात आहेत आणि त्यांना कामाचे पैसे मिळायलाच हवेत. पण दोन गोष्टी पहिल्याच दिवशी स्पष्ट कराव्यात.

पहिली, पॅकेजच्या रकमेत जाहिरातीचे पैसे किती आणि मेहनताना किती. दोन्ही एकत्र असतील, तर मेटाकडे प्रत्यक्ष किती भरले हे कळत नाही. जाहिरात खात्याची पावती दर महिन्याला मागावी.

दुसरी, मालकी. पेज, जाहिरात खातं आणि गूगलवरचं दुकानाचं प्रोफाइल दुकानदाराच्या स्वतःच्या ईमेलवर आणि मोबाइल नंबरवर उघडलेलं असावं. एजन्सीला काम करण्यापुरती परवानगी द्यावी, मालकी नाही. एजन्सीच्या खात्यात सगळं उघडलं आणि पुढे बिनसलं, तर अनेक वर्षांची गिऱ्हाइकांची ओळख तिकडेच राहते. हा खर्च कुठल्याच बिलावर छापलेला नसतो.

आणि स्वतःच्या नावावर असलं तरी ते पेज कंपनीच्या जागेवर आहे. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा लाखांनी फॉलोअर जमवलेल्यांच्या हाती काहीच उरलं नाही. फुकट पोचही अशीच आटत गेली. फेसबुक पेजची पोस्ट फुकटात सरासरी सहाच टक्के फॉलोअरपर्यंत जाते, असं ओगिल्वी या जाहिरात संस्थेने २०१४ मध्येच मांडलं होतं. म्हणून फॉलोअर वाढवण्यापेक्षा गिऱ्हाइकांची स्वतःची यादी वाढवणं शहाणपणाचं. परवानगी घेऊन, आणि ती जपून. कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने लोकांच्या माहितीची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर टाकली आहे.

व्हॉट्सअ‍ॅप, पार्सल आणि प्रमोशन

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचं साधं अ‍ॅप फुकट आहे. त्याच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप मिळतो. मोठ्या प्रमाणावर पाठवायची अधिकृत सेवा वेगळी असते. तिच्यात १ जुलै २०२५ पासून जाहिरातीच्या प्रत्येक निरोपाला पैसे लागतात, वर मधल्या कंपनीचं शुल्क. 'एका क्लिकवर दहा हजार मेसेज' अशी स्वस्त सॉफ्टवेअरं विकणाऱ्यांपासून दूर राहावं. नंबर कायमचा बंद होऊ शकतो, आणि बहुतेक दुकानांचा धंदा त्याच नंबरवर चालतो.

इन्स्टाग्रामवरून बाहेरगावी माल पाठवणाऱ्यांचा छुपा खर्च म्हणजे परत येणारं पार्सल. पोचल्यावर पैसे, या पद्धतीत घेणाऱ्याने दार उघडलं नाही तर जायचा खर्च बुडतो, अनेकदा यायचाही लागतो आणि त्या ऑर्डरवरचा जाहिरातीचा पैसाही जातो. दहातली तीन पार्सलं परत आली, तर उरलेल्या सातांनी दहांचा खर्च सोसायचा असतो. ऑर्डर पक्की करायला फोन करणं आणि थोडी आगाऊ रक्कम घेणं, याने बरंच नुकसान वाचतं.

प्रमोशनच्या पोस्टमागे कायदाही आहे. पैसे किंवा वस्तू घेऊन केलेल्या पोस्टवर ती जाहिरात असल्याचं ठळक लिहिलं पाहिजे. जाहिरात मानक परिषदेची याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२१ पासून लागू आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत. शेतीच्या जाहिरातींत तर फार जपायला हवं. 'एका फवारणीत दुप्पट उत्पादन' असं सांगणारा व्हिडिओ पाहून शेतकऱ्याने औषध आणलं आणि तो फसला, तर त्याचा हंगाम परत येत नाही. १९७२ साली स्थापन झालेलं कृषी विद्यापीठ आपल्याच शहरात आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची शिफारस विचारल्याशिवाय अशा जाहिरातीवर विसंबू नये आणि दुकानदारानेही ती पुढे पाठवू नये.

आधी काय करावं

पैसे खर्च करण्याआधी फुकटची कामं पूर्ण करा. गूगलवर दुकानाचं प्रोफाइल भरा: नेमकी जागा, वेळा, सुट्टीचा वार, फोन, आतले-बाहेरचे फोटो. खुश झालेल्या गिऱ्हाइकाला तिथे दोन ओळी लिहायला सांगा. मेटाची अ‍ॅड लायब्ररी सर्वांना खुली आहे; आपल्या धंद्यातले इतर जण सध्या कोणत्या जाहिराती चालवत आहेत ते तिथे फुकट दिसतं.

मग छोट्या वर्तुळात, मेसेजच्या उद्दिष्टाने, एक आठवडा मध्येच न बदलता जाहिरात चालवा. वहीत पाच रकाने आखा: करासह जाहिरातीचा खर्च, रील-फोटोचा खर्च, माणसाचा वेळ, जाहिरातीमुळे आलेलं नवं गिऱ्हाईक आणि त्याच्यापासून सुटलेला नफा. पहिल्या तीन रकान्यांची बेरीज शेवटच्या रकान्यापेक्षा सलग दोन महिने जास्त राहिली आणि ती गिऱ्हाइकंही परत फिरली नाहीत, तर जाहिरात थांबवा. ते पैसे दुकानाच्या पाटीवर, मालाच्या दर्जावर किंवा जुन्या गिऱ्हाइकाला केलेल्या फोनवर लावा.

परभणीसारख्या जिल्ह्यात धंदा आजही ओळखीवर आणि शब्दावर चालतो. जाहिरात ओळख करून देऊ शकते. शब्द दुकानदारालाच पाळावा लागतो. पुढचा बूस्ट मारण्याआधी मागच्या बूस्टचे ते पाच रकाने एकदा भरून पाहा, आणि मगच बटण दाबा.